आधी मीटर बघू

२०११ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या लेस्टरच्या आसपास छपरावर चढणारा माणूस मिळत नव्हता. फीड-इन टॅरिफ सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. छपरावर पॅनेल लावा, तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटला चाळीस पेन्सच्या वर पैसे घ्या, तेही पंचवीस वर्षं आणि महागाईप्रमाणे वाढते, अशी ती योजना. ऑक्टोबर संपता संपता सरकारनं जाहीर केलं, की १२ डिसेंबरपासून नव्यांना २१ पेन्सच मिळतील. पुढे हे प्रकरण कोर्टात गेलं आणि सरकार हरलं, पण तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं? परांच्या मिळेनात, पॅनेल मिळेनात, आणि चार वाजता अंधार. आम्ही हेल्मेटला दिवे लावून कौलं सरकवून हुक बसवत होतो. सांगलीला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून मी काही वर्षं एमआयडीसीत वायरिंग केलं होतं, आणि इथे नुकताच या धंद्यात शिरलो होतो.

त्या सगळ्या धांदलीत बॅटरीचं नाव कुणी काढल्याचं आठवत नाही. कारण उघड होतं. पैसे तयार होणाऱ्या विजेवर मिळत, मग ती वापरा नाहीतर वाया घालवा. वर निम्मी वीज ग्रिडला गेली असं गृहीत धरून तिचेही वेगळे पैसे, आणि तेही न मोजता. अशा व्यवस्थेत साठवणार कोण?

आज मी घरोघर पाहणीला जातो तेव्हा चहाचा कप हातात येण्याआधी बॅटरीचा विषय निघतो. मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. ३१ मार्च २०१९ ला ती योजना नव्या ग्राहकांसाठी बंद झाली. त्यानंतर नऊ महिने असे गेले, की नव्या पॅनेलची वीज बाहेर गेली तर तिचे पैसे द्यायला कुणी बांधील नव्हतं. १ जानेवारी २०२० पासून स्मार्ट एक्स्पोर्ट गॅरंटी आली. मोठ्या वीज कंपन्यांनी बाहेर गेलेल्या युनिटला काहीतरी दर दिलाच पाहिजे, पण तो किती हे कंपनीनं ठरवायचं. शून्याच्या वर असला की झालं. आणि मग २०२२ आलं. ऑक्टोबरपासून सरकारनं अनुदान देऊनसुद्धा युनिट ३४ पेन्सला. बाहेर पाठवलं तर चार-पाच पेन्स, आत घेतलं तर चौतीस. या फरकानंच बॅटरीचा बाजार उभा राहिला.

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक कारण असतं, आणि ते मला ओळखीचं आहे. आम्ही लोडशेडिंगमध्ये वाढलो. सांगली-मिरजेकडे संध्याकाळी ठरल्या वेळी दिवे जायचे, आणि पुढे ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आला त्यांच्या घरात जिन्याखाली ती जड लेड-ॲसिडची बॅटरी बसली. महिन्या-दोन महिन्यांनी तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम माझ्याकडे असे. त्या बॅटरीचे पैसे किती वर्षांत वसूल होतील असं कुणी विचारलं नाही, कारण ती दहावीच्या अभ्यासासाठी होती, पंख्यासाठी होती. तीच माणसं आज लेस्टरला, स्लाऊला, मिल्टन कीन्सला राहतात आणि त्यांच्या मनात 'बॅटरी असलेली बरी' हे आधीच ठरलेलं असतं. इथे वीज क्वचित जाते. म्हणून इथे बॅटरीचा प्रश्न पैशांचा होतो, आणि पैशांचा प्रश्न आला की घड्याळ आलं.

घड्याळ म्हणजे काय, ते मला लेस्टरजवळच्या एका निवृत्त डॉक्टर काकांच्या स्वयंपाकघरात सगळ्यात स्वच्छ दिसलं. त्यांच्याकडे २०११ ची चार किलोवॅटची पॅनेल होती. एका विक्रेत्यानं साडेनऊ युनिटची बॅटरी साडेसहा हजार पौंडांना देऊ केली होती आणि कागदावर लिहून दिलं होतं, की साडेपाच वर्षांत पैसे वसूल. काकांनी तो कागद माझ्यासमोर सरकवला. "बघ रे, गणित बरोबर आहे का?" गुणाकार बरोबर होता. साडेनऊ युनिटं, रोज, तीनशे पासष्ट दिवस, चौतीस पेन्सनं. पण साडेनऊ गुणिले तीनशे पासष्ट म्हणजे जवळजवळ तीन हजार पाचशे युनिटं, आणि मिडलंड्समध्ये चार किलोवॅटची पॅनेल वर्षाला तयार करतात साधारण तेवढीच. म्हणजे त्या कागदाप्रमाणे दिवसा घरात कुणी केटलसुद्धा लावायची नव्हती. शिवाय ही वीज वर्षभर सारखी येत नाही. जूनमध्ये चारशे युनिटांच्या वर, डिसेंबरमध्ये शंभराच्या आत. डिसेंबरात इथे दिवस साडेसात तासांचा आणि सूर्य शेजाऱ्याच्या धुराड्याच्या वर येतो न येतो.

काका-काकू दिवसभर घरी. काकूंचा कुकर बाराला लागतो, धुणं दुपारी, आणि उरलेली वीज डायव्हर्टरमधून गरम पाण्याच्या टाकीत जाते. त्यांच्या स्मार्ट मीटरची अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद मी उतरवून घेतली. सूर्य मावळल्यापासून झोपेपर्यंत त्यांना लागत होती तीन-साडेतीन युनिटं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बॅटरीत टाकायला काही उरतच नव्हतं. राहिले दोनशेच्या आसपास दिवस, म्हणजे सातशे युनिटं. चौतीस पेन्सचा तोच महाग दर धरला तरी दोनशे अडतीस पौंड. साडेसहा हजार वसूल व्हायला सत्तावीस वर्षं, आणि बॅटरीची हमी दहा वर्षांची. मी त्यांना घेऊ नका म्हटलं. काकू म्हणाल्या, "म्हणजे मी दुपारी स्वयंपाक करते हीच आमची बॅटरी." त्यांना जे एका वाक्यात कळलं ते समजावून सांगायला मला एरवी अर्धा तास लागतो.

तेव्हापासून मी छप्पर बघण्याआधी मीटर बघतो. कुटुंब वर्षाला किती युनिटं वापरतं यापेक्षा कधी वापरतं यावर सगळं ठरतं. वीज-नियामक ऑफजेमच्या २०२३ च्या हिशेबात मध्यम घर वर्षाला दोन हजार सातशे युनिटं वापरतं, पण अशा दोन घरांना मी एकाच आठवड्यात दोन वेगळी उत्तरं दिली आहेत.

दुसरं वळण आलं ते मिल्टन कीन्सच्या एका तरुण जोडप्यामुळे. दोघं आयटीतले, सकाळी आठला घराबाहेर, संध्याकाळी सहाला परत. विजेवरची गाडी होती म्हणून रात्री साडेबारा ते साडेपाच सात-आठ पेन्सचा दर त्यांना मिळत होता. पॅनेलच्या बाहेर गेलेल्या विजेला पंधरा पेन्स. मी सवयीनं दुपारचं ऊन बॅटरीत भरायचं आणि रात्री वापरायचं असा हिशेब मांडू लागलो. तो मुलगा म्हणाला, "दादा, ऊन कशाला भरायचं? त्याला पंधराचं गिऱ्हाईक आहे. बॅटरी रात्री साडेसात पेन्सनं भरू." आकडे मांडले. दहा युनिटं रात्री भरायला पंचाहत्तर पेन्स. भरताना-काढताना दहावा हिस्सा तरी जातो, म्हणून हातात नऊ. ही नऊ दिवसा-संध्याकाळी अठ्ठावीसच्या दरानं घ्यावी लागली असती तर अडीच पौंड. दिवसाला पावणेदोन पौंड सुटले, वर्षाला सहाशेच्या आसपास. पॅनेलबरोबरच बॅटरी बसवली म्हणून ती त्यांना साडेचार हजारांत पडली. सात-आठ वर्षांत वसूल, हमी संपायच्या आत.

पॅनेल आणि बॅटरी यांची जोडी इतकी वर्षं मी एकाच वहीत लिहीत होतो. त्या दिवसापासून दोन खाती वेगळी केली. पॅनेलला बॅटरी लागतेच असं नाही, आणि बॅटरीला पॅनेलही लागत नाहीत. या घराची बॅटरी डिसेंबरातही पोटभर काम करते, कारण ती उन्हावर नाही, दरातल्या फरकावर चालते. या देशाला ही कल्पना नवी नाही. १९७८ मध्ये इकॉनॉमी सेव्हन आलं, तेव्हापासून इथली जुनी घरं रात्रीच्या स्वस्त विजेवर विटांचे हीटर तापवून दिवसभर ऊब घेत आली आहेत. वेल्सच्या डोंगरात डिनॉर्विगला १९८४ पासून रात्री पाणी वर चढवतात आणि मागणी चढली की खाली सोडून वीज काढतात. आपल्याकडे घाटघरला अडीचशे मेगावॅटचं तेच काम चालतं.

एक धोका मात्र मी प्रत्येकाला सांगतो. फीड-इन टॅरिफ कायद्यानं बांधलेलं होतं. हे रात्रीचे आणि निर्यातीचे दर कंपनी देते आणि कंपनी बदलते. आजचा फरक दहा वर्षं राहील असं धरून केलेला हिशेब मी कुणाला देत नाही. फरक निम्म्यावर आला तर काय, तेही शेजारच्या रकान्यात लिहितो. त्या रकान्याकडे बघूनही जो घेतो, त्याला घेऊ द्यावी.

आता विक्रेते सहसा बोलत नाहीत ती गोष्ट. बॅटरी किती युनिटं साठवते हे सगळे विचारतात, पण एका वेळी किती देते हे कुणी विचारत नाही. टाकी हजार लिटरची असली तरी तोटी अर्ध्या इंचाची असेल तर बादली भरायला वेळ लागणारच. इथल्या बहुतेक घरगुती इन्व्हर्टरची तोटी ३.६ किलोवॅटची, कारण तेवढ्यापर्यंत वीज-जाळं सांभाळणाऱ्या कंपनीला बसवल्यावर कळवलं तरी चालतं. त्याहून मोठ्याला आधी परवानगी लागते. आणि इथल्या घरातला विजेचा शॉवर घेतो नऊ किलोवॅट. बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी शॉवर चालू असताना पाच-साडेपाच किलोवॅट बाहेरूनच येणार. एका गृहस्थांनी मला फोन करून सांगितलं, की बॅटरी खराब आहे, भरलेली असून मीटर पळतं. मी त्यांच्या घरी गेलो, सकाळी पावणेआठला मीटरच्या पेटीसमोर दोघं उभे राहिलो आणि त्यांच्या मुलीला शॉवर घ्यायला सांगितलं. आकडा वर गेला, मुलगी बाहेर आली तसा खाली आला. बॅटरी ठणठणीत होती.

वीज गेली तर घर उजळेल का, या प्रश्नावर सगळ्यात जास्त गैरसमज आहे. २६ नोव्हेंबर २०२१ च्या रात्री आरवेन वादळ आलं. मुख्यतः स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमध्ये दहा लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली आणि जवळजवळ चार हजार घरं आठवड्याहून जास्त काळ अंधारात राहिली. नॉर्थम्बरलंडच्या एका खेड्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबाकडे पॅनेलही होती आणि बॅटरीही, कुणा दुसऱ्यानं बसवलेली. बॅटरीच्या पडद्यावर ब्याण्णव टक्के दिसत होते आणि घरात मेणबत्त्या. ते मला फोनवर विचारत होते, की कुठलं बटण दाबायचं. बटण नव्हतंच. बाहेरची वीज गेली की साधा इन्व्हर्टर स्वतःला बंद करून घेतो, कारण तसं नाही केलं तर आपल्या छपरावरची वीज तारेत शिरेल आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. घर वेगळं तोडून चालवायचं तर चेंजओव्हर लागतो, निवडक सर्किटं वेगळी काढावी लागतात आणि स्वतःचं अर्थिंग लागतं, कारण बाहेरून येणाऱ्या अर्थवर त्या वेळी विसंबता येत नाही.

वसंतात मी तिकडे जाऊन ते करून दिलं. तांब्याचा मुलामा दिलेला रॉड त्यांच्या परसात ठोकायला अख्खी सकाळ गेली. वरची वीतभर माती मऊ आणि खाली सगळा दगड. तिसऱ्या जागी तो उतरला, टेस्टर लावला, वाचन मनासारखं आलं. फ्रीज, बॉयलर, राउटर आणि स्वयंपाकघरातले दिवे एवढंच मी त्या बाजूला जोडलं. हेही सांगून आलो, की नोव्हेंबरच्या शेवटी आठवडाभर वीज गेली तर पहिली रात्र आणि दुसरा दिवस निघेल. त्यानंतर पॅनेल तीन-चार युनिटं देतील त्या दिवशी तेवढंच. अडीचशे मैल गाडी हाकून येऊन त्यांना खोटा दिलासा द्यायचा नव्हता.

जागेचा प्रश्नही असाच हळूहळू कळत गेला. लेस्टरच्या बेलग्रेव्ह भागातली घरं एकमेकांना चिकटलेली, गॅरेज नाही, पुढचा दरवाजा थेट फुटपाथवर. मग अनेक वर्षं बॅटऱ्या लॉफ्टमध्ये चढत राहिल्या. जूनमध्ये कौलांखाली हात ठेववत नाही इतकं तापतं, आणि आग लागली तर झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर. मार्च २०२४ मध्ये बॅटरीच्या आगीपासूनच्या सुरक्षिततेसाठी पास ६३१०० हे ब्रिटिश निर्देशपत्र आलं आणि लॉफ्ट, बाहेर पडायची वाट, जिन्याखालची जागा हे सगळं त्यानं नको म्हटलं. आता बहुतेक बॅटऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या असतात, त्या जुन्या प्रकारापेक्षा खूप शांत, पण तरी नाही म्हणजे नाही. बाहेरच्या भिंतीवर, दार-खिडकीपासून अंतर ठेवून लावता येते. मात्र शून्याच्या खाली पारा गेला की ती भरून घेत नाही, म्हणून आत हीटर असलेली घ्यावी लागते. ज्यांच्याकडे अशी भिंतही नाही अशा घरांना मी नकार देतो. त्यांतले काही जण दुसऱ्याकडून लॉफ्टमध्ये बसवून घेतात. मला त्याचा त्रास होतो आणि तो मी त्यांना बोलून दाखवतो.

डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला गेलो असताना एका आजींनी मला बाजूला घेतलं. घरी ऑक्सिजनचं यंत्र आहे, ते अहोंसाठी. छपरावर जुनी पॅनेल आहेत. बॅटरी घेतली तर? पैशांच्या हिशेबात त्यांचं उत्तर डॉक्टर काकांसारखंच होतं. मी म्हटलं, आधी फुकटचं करून घेऊ. प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये त्यांचं नाव घातलं, म्हणजे वीज जाणार असेल तर आधी कळवतात आणि गेली तर आधी विचारतात. वीज गेली की फिरवायचा १०५ हा नंबर फोनजवळ लिहून ठेवला. यंत्र देणारी कंपनी जोडीला राखीव सिलिंडर देते, तोही जागेवर आहे हे बघितलं. एवढं झाल्यावर बॅटरीची गरज नाही असं माझं म्हणणं होतं. आजींनी सगळं ऐकून घेतलं. "भाऊ, तुमचं बरोबर आहे. पण रात्री दिवा फडफडला की मी उठून बसते, आणि मग सकाळपर्यंत झोप नाही. ते कुठल्या रकान्यात लिहाल?"

त्यांना पाच युनिटची छोटी बॅटरी बसवली, चेंजओव्हरसकट, बाहेरच्या भिंतीवर. ते यंत्र साडेतीनशे वॉटच्या आसपास घेतं. बॅटरी एरवी कधी साठ टक्क्यांच्या खाली जाऊ नये असं सेटिंग केलं, म्हणजे केव्हाही आठ तास हाताशी. त्यामुळे बचत जी थोडी झाली असती तीही निम्म्याहून कमी झाली, आणि ते मी त्यांना आधीच लिहून दिलं होतं. या घरानंतर माझ्या पाहणीच्या कागदावर पहिली ओळ बदलली. आता मी आधी विचारतो, की बॅटरी कशासाठी हवी: बिलासाठी, अंधारासाठी, की आपली वीज आपण वापरली या समाधानासाठी. तिसरं कारणही खरं असतं. लोक ते बिलाच्या आकड्यात लपवतात, आणि मग बिल उतरलं नाही की नाराज होतात.

कोल्हापूरहून मावसभावानंही मागच्या वर्षी विचारलं. त्याच्याकडे नेट मीटर आहे; दुपारी दिलेलं युनिट रात्री युनिटाला युनिट परत मिळतं. मी त्याला म्हटलं, तुझ्याकडे हा नियम आहे तोवर बिलासाठी बॅटरी घेऊ नकोस; दिवे जातात म्हणून हवी असेल तर जुन्या इन्व्हर्टरची बदल.

हल्ली फोन येतात ते करसवलतीबद्दल. पॅनेलबरोबर घेतलेल्या बॅटरीवर एप्रिल २०२२ पासून आणि नुसत्या बॅटरीवर १ फेब्रुवारी २०२४ पासून व्हॅट शून्य आहे, आणि सध्याच्या नियमाप्रमाणे ही मुदत ३१ मार्च २०२७ ला संपते. विक्रेते तीच तारीख दाखवून घाई करतात. २०११ च्या त्या सहा आठवड्यांत घाईनं बसवलेल्या कित्येक पॅनेलखालची तिरकी झालेली कौलं मी नंतर सरळ केली आहेत. पाच टक्के व्हॅट परत आला तर पाच हजारांच्या बॅटरीवर अडीचशे पौंड जातील. चुकीच्या मापाची बॅटरी घेतली तर हजार-दोन हजार. म्हणून स्मार्ट मीटर नसेल तर आधी ते बसवून घ्या म्हणतो, आणि एक अख्खा हिवाळा जाऊ द्या. फेब्रुवारीत अर्ध्या तासाच्या नोंदी पाठवा, मी शनिवारी बसून बघतो. त्याचे पैसे मी घेत नाही.